पाळकसाहेब दाराशी पोचेपर्यंत

आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब आशीर्वाद देतात, वेदीवरून खाली उतरतात, बाकांच्या मधल्या वाटेने चालत मोठ्या दरवाजाशी जातात आणि तो स्वतःच्या हाताने उघडतात. ते दाराशी पोचेपर्यंत शेवटचं 'आमेन' तुटता कामा नये, अशी रीत आहे. ही रीत कोणी घातली ते कोणाला ठाऊक नाही. ज्याने घातली त्याच्या काळचे पाळकसाहेब तरुण आणि चपळ असणार, एवढं मात्र मी शपथेवर सांगतो. आमचे पाळकसाहेब अंगाने भरभक्कम आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा कित्येक वर्षं कुरकुरतोय. गुडघा जसजसा बिघडत गेला, तसतसं आमचं आमेन लांबत गेलं.

आणि हे आमेन पुरुषांनी म्हणायचं. बाकीची सगळी गीतं बायकांच्या गायकवृंदाची. त्या पुष्कळ आहेत, छान गातात, तालमीला वेळेवर येतात आणि हे सगळं आम्हाला दर रविवारी नजरेने सांगतात. आम्ही चौघं. चौघांच्या वाट्याला एक शब्द, तोही शेवटचा. माझी बायको म्हणते, 'तुम्हाला झेपेल तेवढंच दिलंय.'

खरं तर आम्ही गायला जमलोच नव्हतो. शुक्रवारी संध्याकाळी पुरुषांची प्रार्थनासभा असायची. पाळकसाहेबांची कल्पना अशी, की दिवस कठीण आहेत, पुरुष मनातलं बोलत नाहीत, तर त्यांनी गोल बसावं, एकेकाने आपलं ओझं सांगावं आणि इतरांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी. कल्पना उत्तम. आम्ही गोल बसायचो. पाळकसाहेब विचारायचे, 'काय, कसं चाललंय?' भट्टीकाका म्हणायचे, 'प्रभूची कृपा.' भट्टीकाकांची पावाची भट्टी. चौकात मोठं दुकान उघडलं, तिथे कापलेला पाव पिशवीतून मिळायला लागला, तेव्हा त्यांची अर्धी भट्टी थंड पडली होती. त्यांच्या शेजारी प्लंबर. त्याचा मुलगा भांडून घर सोडून गेलेला, साधा फोनही करत नव्हता. तो म्हणायचा, 'काही विशेष नाही.' मग मी म्हणायचो, 'सगळं ठीक.' मग आम्ही आमच्या सगळ्या ठीक गोष्टींसाठी प्रार्थना करायचो आणि घरी जायचो.

मास्तर कोपऱ्यात पायपेटीवर बसून हे बघायचे. शाळेतून निवृत्त झालेले, बारीक, सदा वैतागलेले. एका शुक्रवारी त्यांनी पायपेटीचं झाकण धाडकन उघडलं आणि म्हणाले, 'तुम्हाला बोलता येत नाही हे माझ्या ध्यानात आलंय. निदान तोंड उघडून आवाज तरी काढा.' त्या दिवसापासून आम्ही गातो.

आता आवाज काढायचा तर माणसाला मधे श्वास लागतो, आणि पाळकसाहेब तर अजून तिसऱ्या बाकाशीच असतात. यावर मास्तरांनी आम्हाला चोरश्वास शिकवला. चोरश्वास म्हणजे सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजाऱ्याचा आवाज भरलेला असला की आपला हळूच सोडायचा, श्वास घ्यायचा आणि कोणाला न कळता परत सुरात शिरायचं. शेजाऱ्याचा आवाज बारीक झाला तर तो आता श्वास घेणार असं समजून आपण धरून ठेवायचं. कोणी कधी घ्यायचा हे ठरवलेलं नसतं. ऐकायचं आणि सांभाळायचं. नीट जमलं तर समोर बसलेल्यांना वाटतं, चार माणसं एकाच दमात मैलभर गेली.

हे शिकताना आमची फार शोभा झाली. प्लंबरचा श्वास नाकातून आपोआप गळायचा, म्हणून मास्तरांनी त्याचं नाव 'गळती' ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. मला ते 'कात्री' म्हणतात. माझं केस कापायचं दुकान आहे म्हणून, असं मी लोकांना सांगतो. माझी जीभ बघून ठेवलंय, असं मास्तर सांगतात.

चौथे भावोजी, माझ्या ताईचे यजमान. खालचा सूर त्यांचा. प्रयोगशाळेला लागणारं काचेचं सामान बनवायच्या कारखान्यात ते काम करतात. ज्योतीवर नळी तापवायची, ती मऊ झाली की दुसऱ्या टोकाने फुंकर घालून तिचा चंबू करायचा. फुंकर कमी पडली तर चंबू वाकडा, जास्त झाली तर फुटला. असं आयुष्यभर फुंकून त्यांच्या छातीचा भाता झालेला. ताई सगळ्यांना सांगायची, 'बाकीच्यांचे नवरे पैसे फुंकतात, माझा फुंकून पैसे आणतो.' चोरश्वास ते कधी घ्यायचे हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही तिघं खाली-वर व्हायचो, पण त्यांचा सूर जमिनीसारखा पायाखाली असायचा. माणूस मुळात कमी बोलणारा. लग्नात ताईला मी विचारलं होतं, 'हे बोलतात तरी का?' ती म्हणाली, 'बोलत नाहीत, पण ऐकतात. तुझ्यापेक्षा बरे.'

ताई आजारी पडली तेव्हा आधी सगळ्यांना साधंच वाटलं. मग ते साधं राहिलं नाही. मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. भावोजी कारखान्यातून सरळ तिच्याकडे जायचे आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसायचे. शुक्रवारी मात्र ताई त्यांना तालमीला हाकलायची. म्हणायची, 'जा, तुमच्या त्या एका शब्दाची तालीम करून या.' शनिवारी माझ्याकडे दाढीला पाठवायची, रविवारी देवासमोर झाडूसारखं उभं राहू नये म्हणून.

एका संध्याकाळी पाळकसाहेब दवाखान्यात आले. आम्ही सगळे होतो. त्यांनी ताईच्या कपाळावर हात ठेवला, प्रार्थना केली, आणि शेवटी म्हणाले, 'प्रभू, आमच्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' आम्ही हुंदके गिळत कसंबसं आमेन पुटपुटलो. भावोजींनी ते भरल्या आवाजात म्हटलं, चर्चमध्ये म्हणतात तसं. बाहेरून नर्स डोकावून गेली. ताई हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई गेली.

दफनविधीला आम्ही तिघं गायलो. भावोजी गायले नाहीत, कोणी अपेक्षाही केली नव्हती. पुढच्या रविवारी ते आले, दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले, आणि आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले. माझ्या डावीकडे. आमेन सुरू झालं आणि त्यांचं तोंड मिटलेलंच राहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी तसंच. मग उन्हाळा गेला, शाळा उघडल्या, तरी तसंच. तालमीला येतात, उपासनेला येतात, खाली मान घालून प्रार्थनेला उभे राहतात, आणि आमेनची वेळ आली की ओठ घट्ट.

आम्हाला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. बायका म्हणाल्या, एकटे राहतात, जेवायला बोलवा. बोलावलं. जेवले, ताट उचलून धुवून ठेवलं आणि गेले. पाळकसाहेब दुखरा गुडघा घेऊन त्यांचे तीन जिने चढले. भावोजींनी त्यांना चहा दिला, गुडघा शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली आणि रिक्षात बसवून दिलं. गाण्याबद्दल एक अक्षर नाही.

खालचा सूर गेल्यावर आमची काय गत झाली ते सांगतो. टेबलाचा एक पाय काढला तर वरचं सामान हाताने धरून उभं राहावं लागतं ना, तसं. भट्टीकाकांचा आवाज थरथरायचा, गळती गळायचा, आणि मी वरचा सूर धरून घामाघूम व्हायचो. आणि मला राग यायचा. खोटं कशाला बोलू. बायको त्यांची गेली होती, पण बहीण माझीही गेली होती. मलाही देवाशी दोन शब्द बोलायचे होते, आणि ते काही स्तुतीचे नव्हते. तरी मी तोंड उघडत होतो, कारण मी मिटलं तर भट्टीकाकांनी काय करायचं?

मी मास्तरांना म्हणालो, 'त्यांना बाकावर बसू दे की. मधे भिंत उभी केल्यासारखं वाटतं.'

मास्तर म्हणाले, 'जागा त्याची आहे. तू तुझा वरचा सूर बघ, तो हल्ली वर कमी आणि बाजूला जास्त जातोय.'

शेवटी मी माझ्या पद्धतीने विषय काढला. शनिवारी दुपारी दुकान रिकामं होतं. भावोजी खुर्चीत बसले, मान मागे टाकली. मी टॉवेल गुंडाळला, गरम पाण्यात ब्रश बुडवून फेस केला, गालांना, हनुवटीला, गळ्याला लावला. वस्तऱ्यात नवीन ब्लेड घातलं. वस्तरा गळ्यावर असताना माणूस वाद घालत नाही, हा माझा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे.

मी म्हणालो, 'भावोजी, स्पष्ट विचारतो. तुम्ही देवाला सोडलंय का? सोडलं असेल तर सांगा. मी ओरडणार नाही. पण मग दर रविवारी येऊन आमच्यात उभं कशाला राहता? ताईला काय वाटत असेल?'

मी एक गाल केला, दुसरा केला. गळ्याकडे वळलो तेव्हा त्यांचा कंठमणी वर गेला आणि खाली आला. मी हात थांबवला.

'सोडलं नाही,' ते म्हणाले. 'सोडलं असतं तर सोपं होतं.'

'मग?'

'आमेनचा अर्थ काय?'

'आता हे तुम्ही मला विचारता? तसंच होवो.'

'तसंच होवो,' ते आरशातल्या माझ्याकडे बघत म्हणाले. 'पाळकसाहेब म्हणाले, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. तुम्ही सगळे पुटपुटलात. मी मोठ्यांदा म्हणालो. मला वाटलं, तिला बरं वाटेल. सगळ्यांत मोठ्यांदा मीच म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी तसंच झालं.'

त्यांच्या गळ्यावरचा फेस वाळत चालला होता.

'अहो, पण असं नसतं,' मी म्हणालो. 'डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तुमच्या आमेनने काही...'

'मला माहीत आहे. डोक्याला माहीत आहे. पण तोंड उघडत नाही रे. तो शब्द आला की वाटतं, परत काहीतरी होईल. आता तूच राहिलायस, तुझी पोर आहे, हे म्हातारे आहेत. उगाच कशाला.'

हे ऐकल्यावर माझी जीभ, जिला लोक कात्री म्हणतात ती, आतल्या आत दुमडून बसली. मी परत फेस केला आणि दाढी पुरी केली. तुरटी फिरवली. ते उठले, कॉलर सारखी केली आणि दाराशी जाऊन म्हणाले, 'मी येणं बंद करू का? तुम्हाला अडचण होत असेल तर.'

मी म्हणालो, 'काही अडचण नाही. उभे राहा.' एवढंच सुचलं. ते गेल्यावर मी आतल्या मोरीत जाऊन तोंड धुतलं, कारण गिऱ्हाईक कधीही येऊ शकतं.

ही गोष्ट मी कोणाला सांगणार नव्हतो. बायकोलाही सांगितली नाही. मास्तरांना तेवढी सांगितली, कारण ती पोटात घेऊन वरचा सूर लागेना. मास्तर पायपेटीचा भाता उलगडून बसले होते, फाटलेल्या जागी चामड्याचं ठिगळ चिकटवत. त्यांनी मान वर न करता सगळं ऐकलं.

'मग बरोबर आहे,' ते म्हणाले. 'तो श्वास घेतोय.'

'काय?'

'शेजारी श्वास घेत असला की आपण काय करायचं? तुला इतकी वर्षं काय शिकवलं मी?'

'धरून ठेवायचं. पण मास्तर, इतका लांब श्वास कोणाचा नसतो.'

'असतो. माझी बायको गेली तेव्हा माझाही होता.'

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मास्तरांची बायको जाऊन मुलं मोठी होतील एवढा काळ लोटला होता, आणि त्या काळात त्यांनी एकही रविवार चुकवला नव्हता. 'आम्हाला कधी कळलं नाही,' मी म्हणालो.

'कसं कळेल? मी पायपेटी वाजवत होतो. वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतं?' त्यांनी ठिगळावर अंगठा दाबून धरला. 'त्या बिचाऱ्याला लपायला पेटी नाही. तो सगळ्यांसमोर उभा राहतो. मला जमलं नसतं. जा आता, हे वाळेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस.'

मास्तरांचं सगळंच मला पटतं असं नाही, पण त्या दिवसापासून भावोजींवरचा माझा राग गेला. शुक्रवारी मी भट्टीकाकांना आणि गळतीला एवढंच सांगितलं, की ते गायचे तेव्हा गातील, तोवर आपण त्यांच्या वाटणीचंही धरायचं. दोघांनी मान हलवली. भट्टीकाका म्हणाले, 'माझी अर्धी भट्टी थंड होती तेव्हा कारखान्याच्या डब्यासाठी तो रोज माझाच पाव घ्यायचा. सगळ्या कामगारांना घ्यायला लावायचा. तुम्हाला सांगितलं नव्हतं.' मग गळती म्हणाला की त्याच्या मुलाचा पत्ता भावोजींनीच शोधून आणला होता. त्या मुलाने अजून उत्तर दिलं नव्हतं, पण पत्ता होता. आमच्या त्या सगळं ठीक असलेल्या प्रार्थनासभेत इतक्या वर्षांत जे बोललं गेलं नव्हतं ते त्या संध्याकाळी बोललं गेलं, आणि तेही भावोजी जरा उशिरा आले म्हणून.

पावसाळा संपता संपता पाळकसाहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्या जागी एक तरुण पाळक यायचे. काय चालायचे ते. आशीर्वाद देऊन उतरायचे आणि आमचं आमेन धड सुरू होतंय तोवर दार उघडून उभे. आम्हाला सुट्टी लागल्यासारखं झालं. गळतीला तर वाटायला लागलं की त्याचा दोष दुरुस्त झाला.

मग एका रविवारी आमचे पाळकसाहेब परत आले. सगळी मंडळी उठून उभी राहिली, बायकांनी डोळे पुसले. पाळकसाहेब वॉकर घेऊन आले होते. चार पायांचा, ॲल्युमिनियमचा, खाली रबरी टोप्या. वॉकर पुढे ठेवायचा, एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा, उभं राहून दम घ्यायचा. मी वेदीपासून दारापर्यंत नजर टाकली. मग मास्तरांकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. त्यातून गळतीला सर्दी झालेली, आणि भट्टीकाका आदल्या दिवसापासून खोकत होते.

आशीर्वाद झाला. मास्तरांनी पायपेटीवर सूर दिला, पाय काढून घेतले, हात वर केला. आमेन आम्ही पेटीशिवाय म्हणतो. 'आ' सुरू झाला.

पाळकसाहेबांनी वॉकर ठेवला. पाऊल टाकलं. सुरुवात बरी झाली. मी चोरला, भट्टीकाकांनी धरलं. भट्टीकाकांनी चोरला, गळतीने धरलं. दुसरा बाक, तिसरा बाक. अर्ध्या वाटेत जिथे जुन्या गालिच्याचा सांधा आहे तिथे वॉकरची एक टोपी अडकली. पाळकसाहेब वाकून सोडवायला लागले. बाकाच्या टोकाला बसलेले दोघं मदतीला उठले तर त्यांनी हाताने 'बसा, बसा' केलं. स्वाभिमानी माणूस.

आणि इथे आमची चूक झाली. माझा दम संपत आला होता, पण मला भट्टीकाकांचा आवाज बारीक झालेला ऐकू आला. म्हटलं, म्हातारा माणूस, खोकला आहे, त्यांना घेऊ दे, मी धरतो. भट्टीकाकांनी बघितलं की गळती लाल झालाय, सर्दी आहे, त्याला घेऊ दे. गळतीला वाटलं, कात्रीचा चेहरा बघा कसा झालाय, त्याला आधी घेऊ दे. अशी तिघांनी एकमेकांची काळजी घेतली, एकमेकांसाठी धरून ठेवलं, आणि धरता धरता तिघांचाही दम एकाच क्षणी संपला.

आमेन तुटलं.

इतक्या वर्षांत ते कधी तुटलं नव्हतं. सगळं चर्च एकदम गप्प. पाळकसाहेब गालिच्याच्या सांध्यावर ओणवे, वॉकर धरून, मान वर करून आमच्याकडे बघतायत. आम्ही तिघं पाण्याबाहेर काढल्यासारखे तोंडं उघडून हवा ओढतोय. मास्तरांचा हात अजून वर.

आणि माझ्या डावीकडून सूर आला.

खालचा सूर. आधी खरखरीत, गंजलेल्या नळातून पाणी यावं तसा, मग एकदम मोकळा. भावोजींनी बहुतेक विचार केलाच नसावा. फुंकर मधे थांबली तर चंबू बसतो, हे हाताला आणि छातीला माहीत असलेला माणूस तो. भोक पडलं आणि त्यांनी ते भरलं. एकटे. ताई गेल्यापासून त्या छातीत जे काही कोंडलेलं होतं ते सगळं त्या 'आ'मधे होतं, आणि त्याला मी गाणं म्हणू की रडणं म्हणू हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आत शिरायला तोंड उघडलं, तर मास्तरांनी दुसरा हात आमच्या दिशेने आडवा धरला. थांबा. त्याला जाऊ दे.

आम्ही थांबलो. टोपी सुटली. पाळकसाहेब पुढे निघाले. वॉकर, पाय, पाय. भावोजींचा सूर जमिनीसारखा खाली. पण कितीही झालं तरी माणसाचीच छाती ती. तो सूर कडेने बारीक व्हायला लागला आणि मास्तरांनी आडवा हात काढून घेतला. आम्ही तिघं एकदम, सर्दी-खोकल्यासकट, त्यांच्या वर जाऊन बसलो. भावोजींनी श्वास घेतला. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा श्वास ऐकू आला, फाटलेल्या भात्यातून यावा तसा लांब. आणि ते परत आले.

पाळकसाहेब दाराशी पोचले. मास्तरांनी मूठ मिटली. आम्ही तिघांनी 'मेन' म्हणून सूर बंद केला. भावोजींनी केला नाही. त्यांचं तोंड उघडंच होतं. आमच्यामागे त्यांचा 'आ' क्षणभर एकटाच राहिला, उघडा, मग आपोआप विरून गेला. दार उघडलं आणि उन्हाचा पट्टा आत आला.

बाहेर पायऱ्यांवर सगळ्यांना त्यांच्याशी बोलायचं होतं. भावोजी कोणाकडे न बघता सरळ आम्हा तिघांकडे आले. डोळे लाल, आवाज बसलेला.

'तिघांनी एकदम श्वास घेता?' ते म्हणाले. 'लाज वाटत नाही? इतकी वर्षं काय शिकलात?'

'चुकलं,' भट्टीकाका म्हणाले.

'परत नको,' भावोजी म्हणाले आणि पायऱ्या उतरून निघून गेले. गळती शिंकला. मास्तर आतून पायपेटीचं झाकण लावून आले, आम्हाला पार करून पुढे गेले आणि पाठमोरेच म्हणाले, 'इतकी वाईट चोरी मी जन्मात ऐकली नाही.' त्यांनी चष्मा काढलेला होता आणि तो रुमालाने पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

पुढच्या शनिवारी भावोजी दुकानात आले. खुर्चीत बसले, मान मागे टाकली. मी टॉवेल गुंडाळला, फेस केला. दोघांपैकी कोणीच रविवारचं काही काढलं नाही. मी पावसाबद्दल बोललो, माझ्या पोरीच्या परीक्षेबद्दल बोललो. एक गाल झाला, दुसरा झाला.

'एक सांगू?' ते आरशात बघत म्हणाले.

'सांगा की.'

'उद्या मी धरीन. पाळकसाहेब दाराशी जाईपर्यंत धरीन. पण तो शेवटचा भाग तुम्ही म्हणा. मला अजून नाही जमत.'

मी वस्तरा टॉवेलला पुसला. 'म्हणू की. आम्ही तिघं आहोत.'

'किती दिवस लागतील माहीत नाही.'

'लागू देत. आम्ही कुठे चाललोय?'

त्यांनी डोळे मिटले आणि गळा माझ्याकडे करून हनुवटी वर केली. इतका विश्वास टाकून गळा पुढे करणारा माणूस मी दुकानात दुसरा बघितला नाही. मी वस्तरा उचलला आणि परत खाली ठेवला. डोळ्यांत पाणी असताना कोणाच्या गळ्यावर वस्तरा धरू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे.

'काय झालं?' त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

'काही विशेष नाही,' मी म्हणालो.

'घे,' भावोजी म्हणाले, 'श्वास घे. मी थांबतो.' आणि ते फेसासकट तसेच मान मागे टाकून थांबले.